पंप खोलण्याआधी एअर काढा

आमचा धंदा कापडाचा, पण उधारी वसूल होते ती शेतकऱ्याच्या सुगीवर. त्यामुळे ट्रॅक्टर अडला की झळ आमच्या गल्ल्यालाही बसते. सेल्फ जोरात फिरतो, सायलेन्सरमधून धूर मात्र अजिबात नाही, याचा अर्थ डिझेल इंजिनात पोहोचतच नाही. अशा वेळी फ्युएल पंपच खोलायला देणे ही माझ्या मते फिजूलखर्ची आहे. धागा तुटला म्हणून कोणी माग खोलतो काय?

आधी टाकी, तिचा कॉक आणि इंजिन बंद करण्याची दांडी पाहा (तीच ओढलेली राहिल्याचे मी स्वतः पाहिले आहे!). मग फिल्टरमधले पाणी सोडा. एअर स्क्रू सैल करून फीड पंपाचा हँड प्रायमर दाबत राहा. बुडबुडे संपून अखंड धार आली की स्क्रू आवळा. पाणी येते ते उघड्या पिंपातल्या डिझेलातून आणि रात्रभर अर्धी रिकामी ठेवलेल्या टाकीतून. टाकी संध्याकाळीच भरावी.

आमच्या एका गिऱ्हाईकाने ऐन पेरणीत पंप शहरात पाठवला. चार दिवस गेले, वाफसा गेला. दोष निघाला फिल्टरच्या झिजलेल्या वॉशरमध्ये. तिथून हवा ओढली जात होती. त्याची उधारी मी पुढच्या हंगामावर लिहिली.