बटणाएवढं चाक

यंदा गौरीच्या हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीनं आरास बघून एकच विचारलं, "आगगाडी कुणाची हो?" वन्सं तर म्हणाल्या, "वहिनी, आम्हाला न सांगता नातू झाला की काय?" मीही हसले. पण लागलं ते लागलंच. गाडी माझी आहे. मालधक्क्यावर उभे केलेले अकरा ट्रक-टेम्पोही माझेच, फॉल-पिकोच्या पैशांतून जमवलेले.

हे वेड पुण्यात लागलं. कोथरूडला भाऊ जोशी यांनी १९९८ मध्ये सुरू केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. लेकीनं नेलं होतं. सगळे गाड्या बघत होते आणि मी रस्ते. माझं माहेरही रहिमतपूरच. पुणे-मिरज लाइनच्या गाड्यांचे भोंगे ऐकत वाढले आणि वडील गुळाच्या ढेपा भरून कराडच्या बाजारात ट्रक न्यायचे. स्टेशनबाहेर ट्रक नसेल तर मालगाडी आली काय नि गेली काय!

पण कुठलाही ट्रक चालत नाही. माझी गाडी १:८७ मापाची, म्हणजे खऱ्याच्या सत्याऐंशीपट लहान. त्या मापात पाच फुटी बाई पावणेदोन सेंटीमीटरची होते. जत्रेतला वीतभर ट्रक शेजारी ठेवा, तो डब्याच्या टपावरून डोकावतो. दुकानात मिळणाऱ्या छोट्या मोटारी बहुतेक १:६४ च्या आसपास, त्याही थोराड दिसतात. जर्मनीत विकिंग, हेर्पा या कंपन्या नेमक्या मापाच्या गाड्या करतात, पण त्या तिकडच्या. गंमत बघा, आपण ज्याला सरसकट टेम्पो म्हणतो ते नावही मूळचं एका जर्मन कंपनीचं, १९५८ मध्ये बजाज टेम्पोबरोबर इथं आलेलं. मला मात्र लाकडी हौद्याचा आपला टाटाच हवा होता.

मग स्वतःच करायला बसले. चौदा फुटी हौदा म्हणजे पाच सेंटीमीटरला जरासा कमी. लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कामी आला. मागचे लाल दिवे म्हणजे टिकलीचे कण. चाकांशी आठवडाभर अडले. ट्रकचं चाक साधारण एक मीटर उंच, या मापात साडेअकरा मिलिमीटर. पट्टी घेऊन घरभर हिंडले आणि सापडलं कुठं, तर शिलाईच्या डब्यात! शर्टाचं बटण तेवढंच असतं. (जाणकार म्हणतील, बाई, तुमचे रूळच परदेशी मापाचे आहेत. आहेत, साडेसोळा मिलिमीटरचे. आपल्या ब्रॉडगेजला एकोणीसच्या वर हवेत. तेवढं चालवून घेते.)

माझं म्हणणं एवढंच आहे मैत्रिणींनो, रुखवतात आपण विहीर, तुळशीवृंदावन, अख्खं गाव मांडतो तेव्हा "काय हौस!" म्हणून कौतुक होतं. कारण ते मुलीच्या लग्नाचं असतं. तीच बाई स्वतःसाठी ट्रक करायला बसली की पोरखेळ? मिस्टरांच्या क्रिकेटच्या कात्रणांना आमच्या घरात आख्खं कपाट आहे. माझ्या ट्रकांना मात्र पलंगाखालचं खोकं, आणि तेही पाहुणे आले की "जरा आत सार" म्हणून ऐकून घ्यायचं. गौरींच्या निमित्तानं यंदा ते पहिल्यांदा बाहेर आले.

आणि माप अचूक का हवं, तेही सांगते. वडिलांचा ट्रक कर्जापायी विकावा लागला तेव्हा मी सातवीत होते. दोन दिवस ते जेवले नाहीत. आता ते नाहीत, ट्रकचा फोटोही नाही. उरलंय ते माझ्या डोक्यातलं माप. मागचा फाळका पडला की त्याची कड माझ्या हनुवटीला लागायची. त्यावरून हौद्याची उंची काढली. ती चुकली असती तर दुसऱ्याच कुणाचा तरी ट्रक झाला असता.

फाळक्याच्या रंगावरून अजून अडलंय. आई म्हणते हिरवा होता, मला निळा आठवतो. तेवढा एक ट्रक अजून बिनरंगाचाच उभा आहे.