सीमाभागाला एकच वनपथक हवे

सीमेवरच्या कोगनोळी परिसरासाठी कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या वनखात्यांनी ऊसतोडीपूर्वी संयुक्त वन्यप्राणी बचाव पथक उभारलेच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ऑगस्ट २०२२ मध्ये बेळगावच्या जाधवनगरात बिबट्याने बांधकाम मजुरावर हल्ला केला. शाळा बंद ठेवाव्या लागल्या, सक्रेबैलच्या छावणीतून हत्ती आणले गेले, तरीही तो हाती लागला नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी ही गत, तर खेड्याने कोणाच्या तोंडाकडे पाहायचे?

कोगनोळी परिसरात दोन राज्यांचा ऊस शेजारी-शेजारी उभा आहे. तोड पुढे सरकते तसा फड आक्रसत जातो आणि शेवटच्या सऱ्यांत दडलेला बिबट्या कोयत्याच्या टप्प्यात येतो. बछडे सापडले तर मोह होतो तो त्यांना उचलून नेण्याचा. तो घातक आहे, कारण मादी चवताळते. जुन्नर भागात बछडे रात्री त्याच जागी ठेवल्यावर मादी त्यांना घेऊन गेल्याची उदाहरणे आहेत. पण तेवढा वेळ द्यायचा, तर बांधावरची गर्दी हटवणारे कोणी तरी हवे.

गर्दी काय करते, हे ९ डिसेंबर २०२० रोजी पुण्याच्या कोथरूडमध्ये दिसले. जमावाच्या पाठलागाने बिथरलेला, जखमी गवा त्याच दिवशी मेला.

महाराष्ट्रातले कागल की कर्नाटकातले निपाणी, कोणाला कळवायचे, हा घोळ संपवून एकच संपर्क क्रमांक जाहीर करा. भूल देणारा पशुवैद्य आणि पोलीस बंदोबस्त यांची जबाबदारी आताच ठरवा. फडातल्या मजुराचा बळी गेल्यावर हद्दीची सबब ऐकून घेतली जाणार नाही.