रेडिओचे भाडे आणि दुकानाचे भाडे

वांद्रे पूर्वेला कलानगरमधून कार्यालय चालविणाऱ्या रेडिओ सिटीची गाणी बेहरामपाड्यातील शिलाईच्या आणि जरीच्या कारखान्यांत वर्षानुवर्षे वाजत आली आहेत. कारागिराचा हात चालतो आणि रेडिओही चालतो. पण गाणी वाजविणाऱ्यांचा हिशोब कसा चालला, याची माहिती आपल्या व्यापारी बांधवांना फारशी नाही. तो हिशोब आज आम्ही मांडणार आहोत, कारण तो हिल रोडच्या दुकानदारालाही लागू पडतो.

मुंबईत रेडिओवरच्या जाहिराती नव्या नाहीत. विविध भारतीने १९६७ साली त्या सुरू केल्या. १९९३ मध्ये आकाशवाणीने एफ.एम.वरील वेळ खाजगी कंपन्यांना विकायला काढला, तेव्हा टाइम्स एफ.एम. आणि रेडिओ मिड-डे ऐकू येऊ लागले. १९९८ मध्ये सरकारने तो व्यवहार बंद केला. वेळ विकत घेणाऱ्यांच्या हाती काहीच उरले नाही. पोटभाडेकरूची गत ती हीच.

मग परवान्यांचा लिलाव झाला. देशातील ४० शहरांत १०८ वाहिन्या देऊ केल्या होत्या. प्रत्यक्षात सुरू झाली ती एकवीसच्या आसपास केंद्रे. मुंबईत बोली चढत चढत वर्षाला सुमारे पावणेदहा कोटी रुपयांवर गेली, आणि त्यावर दर वर्षी १५ टक्के वाढ! म्हणजे सहाव्या वर्षी रक्कम दुपटीवर. जाहिराती मिळोत वा न मिळोत, सरकारला ठरलेला आकडा पोचलाच पाहिजे. २००२ साली रेडिओ सिटी, मिर्ची, रेड, गो आणि विन ही केंद्रे सुरू झाली, पण गल्ल्यात येणारा पैसा या वाढीच्या वेगाने येईना. त्यांतले विन ९४.६ तर बंदच पडले.

बोली लावताना यांना शुद्ध नव्हती काय, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. लिलावाच्या ईर्ष्येत माणूस परवडण्यापेक्षा जास्त बोलतो, हे आपण पागडीच्या बाजारातही पाहिले आहे.

परंतु पुढे जे झाले ते लक्षात घ्यावे. कंपन्या एकत्र झाल्या आणि त्यांनी सरकारकडे तोटा मांडला. डॉ. अमित मित्रा समितीने २००३ मध्ये ठरावीक रकमेऐवजी उत्पन्नात वाटा घेण्याची शिफारस केली. २००५च्या धोरणात प्रवेश शुल्क एकदाच आणि त्यानंतर ढोबळ उत्पन्नाच्या ४ टक्के, अशी पद्धत आली. किमान रकमेची अट राहिली खरी, तरी मानेवरचा फास सैल झाला. रेडिओ सिटी त्यानंतर टिकली, वाढली. २०१५ मध्ये ती जागरण समूहाकडे गेली आणि २०१७ मध्ये तिच्या कंपनीचे शेअर बाजारात आले.

आता आपल्याकडे पाहू. २०२०च्या टाळेबंदीत शटर खाली होते आणि भाड्याचा मीटर चालू होता. ईदचा हंगाम बुडाला तरी करारातील वार्षिक वाढ चुकली नाही. मोठ्या मॉलमध्ये विक्रीत वाटा देण्याचे करार होतात, मग बाजार रस्त्यावरचा गाळेधारक तसे का मागत नाही? नफ्यातोट्यातील भागीदारी आपल्या व्यापाऱ्यांना कोणी शिकवायला नको. अडचण एवढीच की मालक खऱ्या विक्रीचा पुरावा मागेल, आणि आपल्यापैकी पुष्कळांची वही अर्धी डोक्यात असते. वही पुरी कागदावर आल्याशिवाय कोणताही मालक वाट्याचा करार करणार नाही.

दुसरी गोष्ट, रेडिओ कंपन्या परस्परांच्या गिऱ्हाइकांवर टपलेल्या होत्या, तरी परवान्याच्या रकमेसाठी एकाच टेबलाशी बसल्या. आपल्या बाजारात शेजारचा दुकानदार किती भाडे भरतो हे विचारले तर तो विषय बदलतो. येत्या नूतनीकरणापूर्वी एका रांगेतील दहा दुकानदारांनी तरी आपले करार एकमेकांना दाखवावेत, अशी आमची सूचना आहे.