चंद्रावरील हलके हेलियम : आशा आणि हिशेब

चेन्नईचे त्यागरायनगर, म्हणजे लोकांच्या तोंडचे टी. नगर, कापडाच्या आणि सोन्याच्या पेढ्यांसाठी व रात्रीच्या झगमगाटासाठी प्रसिद्ध आहे. त्याला लागूनच असलेल्या नुंगंबाक्कम भागात पूर्वी मद्रास वेधशाळा होती. तिचे प्रमुख नॉर्मन पॉगसन यांनी १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचे वेध मच्छलीपट्टण येथून घेतले. सूर्याच्या वर्णपटात त्यांना एक पिवळी रेषा दिसली. ती सोडियमच्या रेषेशी तंतोतंत जुळत नाही, हेही त्यांच्या ध्यानात आले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लॉक्यर यांनी ती रेषा इंग्लंडमधून, ग्रहणावाचून, पाहिली आणि पुढे ती उमटविणाऱ्या मूलद्रव्यास हेलियम हे नाव मिळाले. (विजयदुर्गावरून लॉक्यर यांनी हा शोध लावला, अशी समजूत महाराष्ट्रात दृढ आहे, परंतु ते तेव्हा या देशात नव्हतेच!)

त्याच हेलियमच्या एका हलक्या समस्थानिकावर, हेलियम-३ वर, आज मोठ्या आशा बांधल्या जात आहेत. सूर्यापासून अखंड वाहणाऱ्या कणांच्या वाऱ्यात तो असतो. चंद्रास ना दाट वातावरण, ना पृथ्वीसारखे चुंबकीय क्षेत्र; त्यामुळे अब्जावधी वर्षे हे कण तेथील मातीत रुतत आले आहेत. अपोलो मोहिमांनी १९६९ ते १९७२ या काळात आणलेल्या मातीत तो आढळला. १९८६ मध्ये विस्कॉन्सिन येथील शास्त्रज्ञांनी चंद्रावरील त्याचा साठा सुमारे दहा लक्ष टन असावा, असा अंदाज मांडला. ड्यूटेरियमशी त्याचे संमीलन घडविल्यास हेलियम-४ आणि एक प्रोटॉन उत्पन्न होतात; मुख्य प्रक्रियेत न्यूट्रॉन निघत नाही, म्हणून अणुभट्टीचे पोलाद कमी किरणोत्सारी होईल.

आकडा ऐकून मन हरखते. पण हिशेब मांडला पाहिजे. एक किलोग्रॅम हेलियम-३ पासून सुमारे १६ कोटी युनिटांइतकी उष्णता मिळू शकेल. मात्र चंद्राच्या मातीत त्याचे प्रमाण अब्जात दहा भाग धरले, तर तेवढ्यासाठी एक लक्ष टन माती उकरावी लागेल आणि वायू सुटण्यासाठी ती सुमारे ७०० अंश सेल्सियसपर्यंत तापवावी लागेल. ती उष्णता परत मिळविता आली नाही, तर मिळणाऱ्या ऊर्जेचा सुमारे दशांश भाग माती तापविण्यातच जाईल. यंत्रे नेणे, ती चालविणे आणि वायू पृथ्वीवर आणणे, हा खर्च निराळाच.

शिवाय हे इंधन जाळावयाची चूलच अद्याप तयार नाही. डॉ. होमी भाभा यांनी १९५५ मध्ये जिनिव्हा येथील परिषदेच्या अध्यक्षपदावरून, दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा मानवाच्या ताब्यात येईल, असे भाकीत केले होते. सात दशके लोटली. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील प्रयोगशाळेत २.०५ मेगाज्यूल लेसरप्रकाशातून ३.१५ मेगाज्यूल ऊर्जा निघाली खरी. पण ते लेसर चालविण्यास सुमारे ३०० मेगाज्यूल वीज लागली. हेही ड्यूटेरियम व ट्रिटियम यांच्या सोप्या संमीलनाचे. हेलियम-३ साठी त्याहून कितीतरी पट तापमान हवे. आणि ड्यूटेरियमचे कण आपसातही मीलन पावतात, त्यामुळे न्यूट्रॉनांपासून पुरती सुटका होत नाही.

म्हणून चंद्रावरील खाणी देशाच्या ऊर्जा-योजनेत आजच गृहीत धरणे उचित नव्हे. चेन्नईच्या दक्षिणेस कल्पाक्कम येथे थोरियमपासून निर्माण केलेल्या युरेनियम-२३३ वर चालणारी 'कामिनी' ही छोटी अणुभट्टी १९९६ मध्ये कार्यान्वित झाली. थोरियम तर दक्षिणेच्या किनाऱ्यावरील वाळूत आपल्या पायाखालीच आहे. जवळचा हा मार्गही किती खडतर, ते सर्वांस ठाऊक आहे. दूरच्या खजिन्याच्या मोहात त्याची, किंवा गांधीनगर येथे १९८९ पासून 'आदित्य' यंत्रावर चाललेल्या संमीलन-संशोधनाची आबाळ होऊ नये. चंद्राची माती तपासणे मात्र अगत्याचे आहे. ती आणण्यासाठी चांद्रयान-४ मोहिमेस सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. हेलियम-३ न सापडले तरी ते ज्ञान वाया जाणार नाही.

एक प्रश्न मात्र भौतिकशास्त्राचा नाही. १९६७ च्या करारानुसार चंद्रावर कोणत्याही राष्ट्रास स्वामित्व सांगता येत नाही. उकरलेल्या मातीविषयी तो स्पष्ट बोलत नाही. चंद्राची संपत्ती अखिल मानवजातीची मानणाऱ्या १९७९ च्या करारावर भारताने स्वाक्षरी केली, पण त्यास अनुसमर्थन दिले नाही. आणि जून २०२३ मध्ये, असे उत्खनन म्हणजे आपोआप स्वामित्व नव्हे असे मानणाऱ्या आर्टेमिस करारातही तो सामील झाला. या दोन स्वाक्षऱ्यांचा मेळ कसा घालावयाचा, हे पहिले फावडे चालण्यापूर्वी संसदेत स्पष्ट व्हावयास हवे.