एक प्रत लातूरला

दिवाळी अंकातली गोष्ट वाचताना आपण रंगात येतो आणि नेमक्या त्याच जागी ‘पुढील मजकूर पान १४३ वर’ अशी ओळ येते. मधल्या पानांवर साबण, दागिने आणि वार्षिक भविष्य! संगणकाच्या डिस्कवर फायलींचे हेच होते. सलग जागा मिळाली नाही की फाइल तुकड्यातुकड्यांनी, सापडेल तिथे लिहिली जाते. आणि ती वाचताना यंत्राला या पानावरून त्या पानावर धावावे लागते.

या धावपळीने मला फार वर्षे छळले. विंडोजच्या काळात लागलेली खोड. दर महिन्याला तुकडे जुळवीत बसायचे. नांदेडच्या आमच्या घरी लिनक्स आले तरी ती सुटली नाही. वास्तविक लिनक्समधली एक्स्ट-फोर ही फाइल-व्यवस्था मोठी संसारी. ती लिहिण्याची घाई करीत नाही. मजकूर थोडा साठू देते, मग पुरेशी सलग जागा पाहून लिहिते. डिस्क ठासून भरली की तिचाही नाइलाज होतो. म्हणून थोडी जागा मोकळी ठेवावी, की झाले. आणि हल्लीच्या एसएसडीत तर फिरणारी तबकडीच नसते. तिथे तुकडे जुळवणे म्हणजे तिचे आयुष्य फुकट झिजवणे.

सौभाग्यवती म्हणायची, ‘‘अहो, कपाट कितीदा आवरता! दुसरी प्रत कुठं आहे?’’

दुसरी प्रत होती हो! त्याच डिस्कच्या दुसऱ्या कप्प्यात.

त्या डिस्कवर आमच्या विद्यार्थिनींनी औसा तालुक्यात हिंडून ध्वनिमुद्रित केलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. गाणाऱ्यांपैकी एक आजी किल्लारीची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून गाव झोपले असताना भूकंप झाला. आजीच्या घराबरोबर जातेही गाडले गेले. ओव्या तेवढ्या तोंडात राहिल्या. मुद्रणानंतर वर्षभरात आजीही गेली. आणि एके सकाळी डिस्कने टकटक केले व ती गप्प झाली. दोन्ही कप्पे एकदमच गेले.

वर्गात लीळाचरित्र शिकवताना मी दरवर्षी सांगतो, की मूळ पोथी धामधुमीत हरवली, महानुभावांनी ती आठवणींतून पुन्हा सिद्ध केली, म्हणून इतके पाठभेद. हे सांगणाऱ्या गृहस्थाने घरी काय केले, ते विद्यार्थ्यांना अजून सांगितलेले नाही.

थोरामोठ्यांचेही असे होते म्हणा. १९९८ साली पिक्सार कंपनीत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाच्या फायली एका चुकीच्या आज्ञेने भराभर पुसल्या गेल्या. राखीव प्रती काढल्या पाहिल्या, तर त्या सदोष! अखेर तान्ह्या बाळासाठी घरून काम करणाऱ्या एका बाईंच्या घरच्या संगणकावरची प्रत उपयोगी पडली.

आमच्या मदतीला आली लातूरची एक विद्यार्थिनी. तिच्या पेन ड्राइव्हवर ६० पैकी २२ फायली निघाल्या. आजीची त्यांत होती. पण नक्कल पुरी होण्याआधीच ड्राइव्ह काढला गेला असावा. शेवटची ओवी अर्ध्यावर तुटते. प्रत हातात होती तेव्हा कोणी ती शेवटपर्यंत ऐकली असती, तर मूळ डिस्क तेव्हा शाबूत होती.

आता दर रविवारी रात्री आरसिंक नावाची आज्ञा आमच्या फायली लातूरला मेहुण्याच्या संगणकावर पाठवते. गेल्या खेपेनंतर जेवढे बदलले तेवढेच ती नेते, त्यामुळे काम चटकन उरकते. एक मात्र बघावे लागते. इथे पुसलेले तिथेही पुसण्याची सूचना तिला दिली, तर आपली चूकही ती इमानाने पोहोचवते. म्हणून आम्ही तारखांनिशी जुन्या प्रती वेगळ्या ठेवतो. न बदललेली फाइल पुन्हा जागा खात नाही, अशी त्यात सोय आहे.

महिन्याच्या पहिल्या तारखेला मेहुण्याची बायको चार-पाच फायली उघडून पुरत्या ऐकते आणि फोन करते. गेल्या महिन्यात तिच्या वाट्याला आजीची फाइल आली.

‘‘भावजी, ही मधेच तुटतीय. पुन्हा पाठवता का?’’ तिने विचारले.