साडेतीनशे कागद, तीन कोटी नोंदी

‘सगळं क्लाउडवर आहे, काही हरवत नाही.’ आमच्या धंद्यात हे वाक्य दिवसातून दहादा कानावर पडतं. डेटा सांभाळण्याचाच पगार मी घेतो, तरी सांगतो: हे वाक्य खोटं आहे. नोंद उरली म्हणून माणूस उरत नाही.

नाझींनी नोंदी भरपूर ठेवल्या. जर्मनीतल्या आरोल्सनच्या अभिलेखागारात सुमारे ३ कोटी कागदपत्रं आहेत. त्यांतली असंख्य कार्डं आणि याद्या छळणाऱ्यांनीच भरलेल्या: नाव, जन्मतारीख, कैदी क्रमांक. इंजिनिअरच्या नजरेनं बघितलं तर नीटनेटका डेटा. त्या माणसाला कोण आठवत होतं, याचा रकाना मात्र त्यात नाही.

आता दुसरा साठा बघा. पोलंडमधल्या सोस्नोव्हिएत्सची साला गार्नत्साश १९४० साली, सोळाव्या वर्षी, सक्तीच्या कामाला गेली. बोलावणं बहिणीला आलं होतं. तिच्याऐवजी ही गेली. सहा आठवडे म्हणून सांगितलं होतं, लागली जवळपास पाच वर्षं. या काळात सात छावण्यांमधून तिनं साडेतीनशेहून जास्त पत्रं, कार्डं, फोटो झडत्यांपासून लपवून वाचवले. पत्रं सेन्सॉरच्या नजरेखालून येत, म्हणून जपून लिहिलेली. तरी त्यांत वाढदिवसाच्या शुभेच्छा आहेत, घरची काळजी आहे. तिची मैत्रीण अला गेर्टनर हिला जानेवारी १९४५मध्ये आउशवित्झला फाशी दिलं. कैद्यांच्या उठावासाठी बंदुकीची दारू चोरून पोचवण्यात तिचा हात होता. इतिहास तिला बंडखोर म्हणून ओळखतो. जीव लावणारी मैत्रीण म्हणून ती भेटते सालानं जपलेल्या पत्रांत.

‘तेव्हा स्टोरेज नव्हतं, आता आहे,’ असं कुणी म्हणेल. खरंय. म्हणूनच आपल्या फोनमध्ये हजारो फोटो आहेत आणि त्यांतलं काय जपायचं हे कुणीच ठरवलेलं नाही. सालाला ते प्रत्येक झडतीला ठरवावं लागलं, जीव धोक्यात घालून. पुढे अमेरिकेत तिनं ते कागद मुलांच्या एका खेळाच्या खोक्यात ठेवले आणि १९९१मध्ये, हृदयशस्त्रक्रियेच्या आधी, मुलीच्या हाती दिले. आज ते न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहेत. स्कॅनिंग आणि कॅटलॉग हवेतच, पण ते नंतर आले. आधी कुणीतरी पन्नास वर्षं खोकं सांभाळलं. ते उघडायला मुलीला पासवर्ड लागला नाही. तुमचं खातं तुमच्यामागे कोण उघडणार आहे?

बॅकअपच्या भरवशावर बसू नका. दहा मेसेज, दहा फोटो निवडा, छापून घ्या, मागे नाव आणि तारीख लिहा. आणि कुठे ठेवलेत, ते घरात कुणाला तरी सांगून ठेवा.