'सामाजिक अंतर' : एका भाषांतराची झाडाझडती

साथ ओसरते, आकडे विस्मरणात जातात, शब्द तेवढे मागे उरतात. 2020 च्या मार्चमध्ये 'सोशल डिस्टन्सिंग' या संज्ञेचे 'सामाजिक अंतर' असे भाषांतर मराठीने घाईघाईत केले. वृत्तपत्रांनी ते छापले, सूचनाफलकांनी मिरवले, आणि आजही विद्यार्थ्यांच्या निबंधांत ते निर्धास्तपणे वावरताना आढळते. आमचा आक्षेप आहे तो या शब्दाला. आम्ही भाषा शिकवतो. तेव्हा हा गुन्हा आमच्याच खात्यातला आहे.

या शब्दाला मराठीत अर्थ नव्याने द्यावा लागत नाही, तो आधीपासून आहे. आमच्याच सोलापूर जिल्ह्यात, पंढरपुरी, नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. तेथून गाभारा पावलांनी मोजला तर जवळच. पण ते दार अस्पृश्य मानलेल्यांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना मे 1947 मध्ये उपोषणाला बसावे लागले. मराठीत सामाजिक अंतर म्हणतात ते याला! विषाणूची मागणी त्या मानाने फारच माफक होती: दोन देहांमध्ये सहा फूट. जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याच मार्चमध्ये 'शारीरिक अंतर' हा शब्द अधिक योग्य ठरवला होता. आपण मात्र जुनाच शब्द कवटाळून बसलो.

'शब्दांवरून इतका काथ्याकूट कशाला? लोकांना अर्थ कळला ना?' असे आम्हांस विचारले जाते. अर्थ कळला, हेच तर दुःख आहे. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एकाच गल्लीत ऐकू येणाऱ्या या शहरात 2020 च्या एप्रिलमध्ये भाजीवाल्याचे नाव विचारून भाजी घेतली गेली. भाजीला ताप आला आहे का, हे कोणी विचारले नाही. एखाद्या पेठेत रुग्ण सापडला की त्या पेठेचे नावच शिवीसारखे उच्चारले जाऊ लागले. रुग्णसेवा करणाऱ्या परिचारिकांना घरमालकांनी खोल्या सोडायला सांगितल्याच्या बातम्या देशभरातून येत होत्या. कोणत्याही समाजाला वा परिसराला साथीसाठी जबाबदार धरू नये, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला 8 एप्रिलला सांगावे लागले. आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांना शिक्षा ठरवणारा अध्यादेश 22 एप्रिलला आला. तबलिगी जमातीच्या 29 परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द करताना मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 21 ऑगस्टला, या लोकांना बळीचा बकरा केले गेल्याची शक्यता दिसते, असे नमूद केले. पण तोवर माध्यमांचा निकाल लागून पाच महिने होत आले होते.

याच काळात एक विद्वत्तापूर्ण संदेश फिरत होता: आपल्या पूर्वजांचे सोवळे-ओवळे शास्त्रीयच होते, जगाला ते आता पटले. तो पुढे धाडणाऱ्यांत पदव्युत्तर शिक्षक होते, हे सांगताना आम्हांस लाज वाटते. विलगीकरणाला तेव्हा चौदा दिवसांची मुदत होती. विटाळाला कोणती होती? विलगीकरण ताप पाहते, सोवळे जात पाहते. ज्याला खोकला नाही अशा निरोगी माणसाची सावलीही ज्या व्यवस्थेला चालत नव्हती, तिला जंतुशास्त्राचे प्रमाणपत्र देणे हा जंतुशास्त्राचाही अपमान आहे. विटाळावाचून कोणता देह जन्मला, हा सोयराबाईंचा प्रश्न आपण अभ्यासक्रमात लावतो, परीक्षेत विचारतो आणि कर्मचारी-कक्षात विसरतो.

माणसाला वेगळे ठेवणे आणि दूर लोटणे यांतला फरक पाहायचा तर 1897 च्या पुण्याकडे पाहावे. (साथरोग कायदाही त्याच वर्षीचा, त्याच प्लेगच्या साथीमुळे आलेला.) सावित्रीबाई फुले यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी डॉ. यशवंत यांच्याकरवी दवाखाना चालवला, तोही वस्तीपासून दूर, हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात. म्हणजे अंतर तेथेही होते. मात्र मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला त्यांनी स्वतः पाठीवर घेऊन तेथे पोहोचवले. त्यात त्यांना प्लेगची लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले. महारवाडाही गावाबाहेर आणि दवाखानाही गावाबाहेर. पण एक माणसाला टाकून देण्यासाठी वसवलेला आणि दुसरा त्याला वाचवण्यासाठी उघडलेला. 'सामाजिक अंतर' हा शब्द या दोहोंना एकाच पंक्तीत बसवतो.

साथ रोखायची तर रुग्ण कोठे आहेत हे सांगावेच लागेल, हे आम्हांस मान्य आहे. वैद्यकाला गल्ली हवी, संपर्काची यादी हवी. रुग्णाचा धर्म आणि आडनाव बातमीच्या मथळ्यात कशासाठी हवे, याचे उत्तर मात्र आम्हांस कोणा संपादकाकडून मिळालेले नाही.

पुढची साथ येईल तेव्हा भाषांतर पुन्हा घाईतच होईल. तोवर आमच्यापुरते आम्ही ठरवले आहे: 'सामाजिक अंतर' या शब्दाचा समानार्थी शब्द विचारला असता जो विद्यार्थी 'शिवाशिव' असे लिहील, त्याला पूर्ण गुण.